घरात फिरणारी कावीळ

बाळाला जन्मतः कावीळ, बाबांचे डोळे अधूनमधून पिवळे, आजीचे पित्तखडे तिशीतच काढलेले. असं घर असेल, तर काविळीची माळ आणि चुन्याचं पाणी बाजूला ठेवा. दोष यकृतात नसून लाल पेशींच्या आवरणात असू शकतो. त्या आजाराचं नाव हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस.

निरोगी पेशी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी, मधे खोलगट असते. आवरणातली प्रथिनं कच्ची निघाली की तिचा लाडू होतो. लाडू प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, अरुंद फटींतून वाकून जात नाही. तिथेच अडकतो आणि निरोगी पेशीचं १२० दिवसांचं आयुष्य पुरं व्हायच्या आत संपतो.

आधी वही घ्या. तीन पिढ्यांत कुणाला कावीळ झाली, कुणाला रक्त चढवलं, कुणाची पाणथरी काढली, ते लिहा. चारांपैकी साधारण तीन घरांत दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वही कोरी राहिली तरी आजार नाहीच, असं धरू नका.

मग सीबीसी करा. सगळे हिमोग्लोबिनच बघतात. तुम्ही एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी, बघा. ते ३६ च्या आसपास किंवा वर, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं, रक्ताच्या स्मिअरमध्ये गोल पेशी, एवढं जुळलं की कूम्ब्स चाचणी करा. ती निगेटिव्ह हवी, कारण शरीराने स्वतःच्याच पेशी मारल्या तरी त्या गोल दिसतात. फिकटपणा दिसला म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

पक्क्या निदानासाठी ईएमए बाइंडिंग चाचणी. त्यासाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे.  नमुना कधी घेतात ते आधी फोनवर विचारा. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते सांगाच. दात्याच्या पेशी निकाल बिघडवतात.

पुढे फॉलिक ॲसिड आणि पित्तखड्यांसाठी सोनोग्राफी, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने. ताप येऊन मूल एकाएकी पांढरं पडलं तर त्याच दिवशी सीबीसी करा. पार्वोव्हायरसने नव्या पेशी बनणं काही दिवस थांबतं. पाणथरी काढायची वेळ आली, तर शक्यतो सहाव्या वर्षापर्यंत थांबतात आणि लसी किमान दोन आठवडे आधी देतात. त्यानंतर मात्र प्रत्येक ताप थेट हॉस्पिटलात दाखवायचा.

रिपोर्ट जपून ठेवा. घरात पुढचं बाळ येणार असेल, तर प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या बाळाचं बिलिरुबिन पहिल्या दिवसापासून मोजावं लागतं.