‘रन’चे एवढे अर्थ पाठ कसे करायचे?

प्रश्न : मुलगी नववीत, मराठी माध्यमात आहे. ‘रन’चे अर्थ पाठ करता करता रडकुंडीला आली आहे. काय करावे?
– एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाठांतर आजच थांबवा. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. ते कुणा इंग्रजालाही पाठ नसतात.

शाहू महाराजांनी १८९५मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली तुमची पेठ. तिथलेच बोलणे घ्या. गुऱ्हाळात चुलाण्याचा जाळ जास्त झाला की रस काहिलीला लागतो. सौद्यात भाव लागतो, दुपारी भूक लागते, थोरल्याला नोकरी लागते. हे ‘लागणे’ मुलीला कुणी पाठ करून घेतले नव्हते; शेजारच्या शब्दावरून तिला अर्थ कळत गेला.

‘रन’चेही तसेच. सोबत नाक असेल तर ते वाहते, दुकान असेल तर कुणीतरी चालवते, कापडाचा रंग असेल तर तो जातो. ‘आउट ऑफ’ जोडले की घरातली साखर संपते! निवडणुकीला ‘रन’ करणे मात्र मूळचे अमेरिकी. ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो.

वहीत सुटा शब्द नको, अख्खे वाक्य लिहू द्या. आठवड्याला चार पुरेत.