मावशीकडे फोनच नव्हता

आपल्याकडे फोन एकाचा असतो, पण नंबर घरभर चालतो. चंद्रपूर शहरात हे आता कमी झालंय. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या बाजूला मात्र आईच्या खात्याला थोरल्या मुलाचा नंबर, मावशीच्या खात्याला भाच्याचा आणि शेजारच्या म्हातारीच्या खात्याला ज्यानं खातं उघडून दिलं त्याचाच नंबर, असं सर्रास असतं. धानाचा चुकारा, तेंदूपत्त्याची मजुरी, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळ्यांचे मेसेज त्या एका फोनवर. मी चंद्रपुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीत सेक्रेटरी आहे. गडचिरोलीतल्या आमच्या लहान मंडळ्यांत जाणं-येणं असतं, म्हणून ही गोष्ट जवळून पाहिली.

लग्नसराई होती. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका ज्येष्ठ पंचांच्या नंबरवरून पत्रिका आली. ती पंचांनी पाठवलीच नव्हती. त्यांच्या फोनमध्ये शिरलेल्या अॅपनं ती सगळ्या ग्रुपांवर परस्पर टाकली होती. पत्रिका म्हटली की फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. या फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट एपीके' असा होता. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं अॅप. एका गावातल्या पोरानं ती दाबली. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं अॅप बसवू का? त्यानं हो म्हटलं. मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. नेटवर्क गेलं असेल म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. तिकडे नेटवर्क जातंच, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती.

रात्रीतून त्याचे पैसे गेले, आईचे गेले आणि मावशीचेही गेले. मावशीनं आयुष्यात कधी फोन वापरलेला नाही. तिचे पैसे ऑनलाइन गेले हे तिला समजावून सांगताना माझ्याच तोंडाला कोरड पडली. यूपीआय सुरू करायला बँकेशी जोडलेल्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो. पिन बसवायला डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागतो. सिम त्या फोनमध्ये, ओटीपी त्याच फोनवर आणि फॉर्म भरायला काढलेला मावशीच्या आधारचा फोटोही त्याच गॅलरीत. चोराला आणखी काय पाहिजे?

तो पोरगा मला म्हणाला, "पत्रिका तं आपल्या मंडळीच्याच ग्रुपवर आली ना जी भाऊ, मंग खोटी कशी म्हनाव?" सगळं याच वाक्यात आहे. अनोळखी नंबरवरची फाइल त्यानं उघडली नसती. आपण एकमेकांवर विश्वास ठेवतो म्हणूनच मंडळी आहे, आणि चोर नेमका तोच वापरतो. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत पाळकाच्या नावानं ईमेल पाठवून सभासदांकडून गिफ्ट कार्ड उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2019 साली लोकांना सावध केलं. आपल्याकडे गिफ्ट कार्ड चालत नाही, म्हणून पाळकसाहेबांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून मेसेज येतो: 'दवाखान्यात आहे, अर्जंट पाच हजार टाका.' यावर आमच्या मंडळीत आता एकच नियम आहे आणि तो व्यासपीठावरून सांगितला जातो. मेसेजवर कोणीही पैसे मागितले, अगदी पाळकसाहेबांनी जरी, तरी आधी जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा. यात पाळकसाहेबांचा अपमान होत नाही. आमच्या पाळकसाहेबांनी स्वतःच हा नियम मांडला.

पैसे गेल्याचं कळताच बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर रडत-भांडत सकाळ घालवतात, नाहीतर घाबरून फोन फॉरमॅट करतात. फोन आधी फ्लाइट मोडवर टाका, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला आणि 1930 लावा. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ कागदावर लिहून मगच फोन करा. पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखता येतात. आमच्या पोराच्या बाबतीत थोडे रोखले गेले, बाकीचे गेले ते गेलेच. गावात रेंज नसेल तर जवळच्या पोलीस मदत केंद्रात जा, तक्रार तिथेही देता येते. बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, तुम्ही कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेच्या माथी. म्हणून पोचेवरची वेळ महत्त्वाची. काही अॅप तुमचे कॉलही दुसरीकडे वळवतात. ##002# डायल केलं की ते वळवणं बंद होतं.

आता चर्चच्या ऑफिसातल्या कंप्युटरकडे वळतो. बहुतेक ठिकाणी तो कोणीतरी दान दिलेला जुना कंप्युटर असतो. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली, आणि गाण्यांचे पेन ड्राइव्ह गावोगाव फिरून त्यातच लागतात. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. त्याआधीच्या विंडोजबद्दल तर बोलायलाच नको. गाण्यांच्या स्लाइड दाखवायच्या तर जुना कंप्युटर चालेल, फक्त त्याला इंटरनेट जोडू नका. पण त्याच डबड्यात बाप्तिस्म्याची नोंदवही स्कॅन करून ठेवलेली असते, शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेली पोरांची आधार कार्डं असतात, दानार्पणाचा हिशेब असतो. फॉर्म भरून झाला की आधारच्या प्रती पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही. दुसऱ्याचं आधार जपून ठेवायला आपण काही तहसील कार्यालय नाही.

मुलांच्या बाबतीत मी जरा कडक आहे आणि त्यावरून माझे वादही झालेत. संडे स्कूलच्या पोरांचे फोटो नाव-गावासकट फेसबुकवर टाकायचे नाहीत. शिक्षकानं मुलाला किंवा मुलीला एकट्यानं मेसेज करायचा नाही. आई-बाप ज्या ग्रुपवर आहेत तिथेच बोलायचं. घरात फोन बसायच्या खोलीत, सगळ्यांसमोर वापरायचा. पोरगी घाबरून सांगायला आली की कोणी फोटोवरून धमकावतंय, तर आधी फोन हिसकावू नका, तिचं ऐकून घ्या आणि मेसेज न पुसता 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलिसांकडे जा. मारलंत तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

या रविवारी उपासना सुटल्यावर एवढं करा: घरातल्या प्रत्येकाचं पासबुक काढा आणि त्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते विचारा. ज्यांच्याकडे स्वतःचा नंबर आहे त्यांनी तोच बँकेत जोडून घ्यावा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी घरात एक साधा बटणाचा फोन ठेवा. त्यात एपीके बसत नाही. बँकेचे अर्ज लिहून द्यायला तरुण संघाची पोरं बसवा.