जुन्या संगणकास नवी डिस्क

पालकसभा आटोपली म्हणजे कोणी तरी पालक मागें थांबून हमखास विचारतात, "सर, घरचा संगणक फार मंद झाला आहे, मोडींत घालावा काय?" यंत्र सात-आठ वर्षांचें असतें. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कपबशा विसळून होतात. आणि घरांतील मुलाला तर त्याच यंत्रावर शाळेचें काम करावयाचें असतें. विद्यार्थिमित्रहो, अशा पुष्कळ यंत्रांचा मेंदु शाबूत असतो; थकलेली असते ती केवळ हार्ड डिस्क. ती काढून तिच्या जागीं एस्. एस्. डी. बसविली म्हणजे तेंच यंत्र आणखी कांहीं वर्षें सुखानें चालतें. जुन्या वस्त्राला नवें ठिगळ लावूं नये, असें आपण शास्त्रपाठाच्या तासाला शिकतों. येथें मात्र ठिगळ चांगलें टिकतें. पण हें काम करतांना मीं एक मोठी चूक केली, आणि खरें पाहतां तिच्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम दोहोंतील भेद पाहूं. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या. त्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि एक बारीक दांडा त्यांवर इकडून तिकडे सरकत मजकूर शोधतो. आय्. बी. एम्. कंपनीनें १९५६ सालीं अशी पहिली डिस्क बाजारांत आणली, तेव्हां तींत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढ्या धुडांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत! आजची डिस्क तळहातावर राहते. परंतु दांडा सरकावयाचा आणि चकती फिरावयाची, हें चुकलेलें नाहीं. एक नोंद सांपडण्यास सुमारें एक शतांश सेकंद लागतो. हा काळ अल्प वाटेल. पण संगणक जागा होतांना ठिकठिकाणच्या हजारों लहान नोंदी काढाव्या लागतात.

एस्. एस्. डी. मध्यें हलणारा भागच नाहीं. तींत अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार कोंडून मजकूर सांठवितात. ही स्मृति तोशिबा कंपनींतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांची कल्पना. तिचा नँड हा प्रकार १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. येथें नोंद सांपडण्यास शतांश सेकंदाचाही शंभरावा भाग पुरतो.

विकत घेण्यापूर्वीं आपल्या यंत्रांत कोणती बसते हें त्याच्या माहितीपुस्तकांत पाहावें. अडीच इंची साटा डिस्क जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं तशीच बसते. दुसरी एम्-२ म्हणून २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी असते. तिचेही साटा आणि एन्. व्ही. एम्. ई. असे दोन पोटभेद आहेत, आणि दिसण्यांत सारख्या असल्या तरी प्रत्येक खांचेंत दोन्ही चालतातच असें नाहीं. दुसरी कितीतरी वेगवान खरी. पण जुन्या यंत्राला साटा पुष्कळ झाली, असें माझें मत आहे.

आतां मुख्य गोष्ट. स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं जुन्या डिस्कवरील सर्व मजकुराची नक्कल करावी, आणि ती नक्कल उघडून पाहावी. २०१९ च्या नाताळच्या सुटींत मीं स्वतःच्या यंत्राची डिस्क बदलली. जुन्या डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग होते; मीं सी भागाचीच नक्कल केली. यंत्र झटक्यांत सुरू झालें, आणि त्या आनंदाच्या भरांत जुनी डिस्क पुसून शेजारच्या मुलास देऊन टाकली. पुढें मार्चमध्यें वडिलांच्या स्मरणदिनीं त्यांच्या आवाजांतील भजनें लावावयास गेलों, तों तीं कोठेंच नाहींत! पेटीवर बसून त्यांनीं गाइलेलीं टिळकांचीं अकरा भजनें डी भागांत होतीं. चुंबकीय डिस्कवर पुसलेला मजकूर लगेच नाहींसा होत नाहीं. केवळ अनुक्रमणिकेंतील नोंद जाते, आणि त्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणता मनुष्य तो परत काढूं शकतो. पण त्या मुलानें तोंवर डिस्क चित्रपटांनीं कांठोकांठ भरली होती. त्याचा कांहीं दोष नव्हता.

एस्. एस्. डी. या बाबतींत अधिकच निष्ठुर आहे. तीवरून कांहीं पुसलें कीं संगणक 'ट्रिम' नांवाची आज्ञा पाठवून, अमुक कप्पे आतां रिकामे समजावे, असें कळवितो, आणि डिस्क ते सवडीनें साफ करते. तेथें गेलें तें बहुधा कायमचेंच गेलें.

संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करावयाची असल्यास नवी डिस्क यू. एस्. बी.च्या जोडतारेनें लावून क्लोनझिला यासारखा मोफत प्रोग्रॅम वापरावा. मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हें दोनदां वाचून मगच होकार द्यावा. उलट झाल्यास कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

बसविण्याचें काम त्या मानानें सोपें. यंत्र बंद करून वीजतार काढावी, बॅटरी सुटी करावी, आणि अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून धातूच्या भागास हात लावावा. टेबलावर पांढरें फडकें पसरावें. त्यांतले स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढे असतात आणि फरशीवर पडले तर सांपडत नाहींत. साटाची जोडणी इंग्रजी एल् अक्षराच्या आकाराची असल्यामुळें एकाच बाजूनें बसते. जोर करूं नये. एम्-२ पट्टी तिरपी खोंचून, हलकेच खालीं दाबून स्क्रू लावावा.

हुबेहूब नक्कल केली असल्यास पहिल्यानें जुनी डिस्क बाहेर ठेवूनच यंत्र सुरू करावें. डिस्क कोरी असून केवळ सांठवणीसाठीं असेल, तर विंडोज् मधील डिस्क मॅनेजमेंट उघडून जी. पी. टी. हा प्रकार निवडावा, कारण जुन्या एम्. बी. आर्. ला साधारणतः दोन टेराबाइटपलीकडे मोजतां येत नाहीं. मग नवा भाग पाडून त्यास नांव द्यावें. येथें ५०० गिगाबाइटची डिस्क ४६५ च दाखविते, म्हणून दुकानदाराशीं भांडूं नये! कारखानदार १,००,००,००,००० बाइटांस एक गिगाबाइट म्हणतो, आणि विंडोज् १,०७,३७,४१,८२४ बाइटांस. नववीच्या विद्यार्थ्यांनीं १,००० गिगाबाइटचा हिशेब स्वतः करून पाहावा.

एक गोष्ट पालकांसाठीं. डिस्क नवी झाली म्हणून प्रणाली नवी होत नाहीं. विंडोज् १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. यंत्र विंडोज् ११ घेत नसल्यास लिनक्सचा विचार करावा.

एस्. एस्. डी. वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत पडून राहिली तर तिच्यांतील भार झिरपून मजकूर बिघडूं शकतो, म्हणून एकुलती एक प्रत तशी ठेवूं नये. जुनी डिस्क मी आतां पाकिटांत घालून, वर तारीख लिहून, निदान एक वर्ष टेबलाच्या खणांत ठेवतों. वडिलांच्या भजनांपैकीं तीन सोलापूरच्या बहिणीच्या फोनमध्यें निघालीं. तीं आतां तीन ठिकाणीं ठेविलीं आहेत, आणि बाकीचीं कोणा नातेवाइकाकडे आहेत काय, याची चौकशी अद्याप चालू आहे.