सही करण्याआधी परिशिष्ट वाच

पोरी, सल्लागार समितीवर तुझं नाव आलं, फार बरं वाटलं. पण पेढे नंतर आण. आधी ते पत्र आण आणि त्याला जोडलेला सामंजस्य कराराचा मसुदाही आण. परिशिष्टाशिवाय नको आणूस. पहिल्या पानावर सगळं गोडच असतं. लोकसहभाग, नूतनीकरण, शाश्वत विकास, सगळं तिथं सापडतं. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत करायचं, हे मात्र मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतं. कधी कधी ती पानं जोडलेलीच नसतात. माझं उभं आयुष्य एका नगरपालिकेच्या सभा शाखेत इतिवृत्तं लिहिण्यात गेलं. त्या अनुभवातून जे शिकलो तेवढं सांगतो.

आधी बघ, करारावर सह्या कुणाकुणाच्या होणार आहेत. आपल्या कळंब्यात हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. गारगोटी रस्त्यानं येताना कारागृह गेलं, वस्ती आली, पण शहराची हद्द कुठं बदलली ते रस्त्यावर कुणाला दिसत नाही. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १९७२ सालची. तेव्हाची साधारण सदुसष्ट चौरस किलोमीटरची हद्द पुढं कित्येक दशकं तशीच राहिली आणि घरं मात्र तिच्या बाहेर पसरत गेली. हद्दवाढीला गावांचा विरोध होता, शहराला ती हवी होती. त्यातून वाट म्हणून २०१७ साली बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्यामुळं इथं एका ओढ्याच्या पाण्याला ग्रामपंचायत, प्राधिकरण आणि महापालिका असे तीन धनी होऊ शकतात.

तू म्हणशील, कळंबा तलावासाठी समिती झाली तर बास. पण तलावात पाणी वरच्या अंगानं, कात्यायनीच्या बाजूच्या डोंगरउतारावरून येतं. वर प्लॉट पडले, ओढ्यात भराव पडला, तर खाली बांधावर कितीही बाकडी आणि दिवे लावले तरी काय उपयोग? एकेकाळी या तलावानं कोल्हापूरची तहान भागवली आहे. त्याच्याबद्दल सल्ला द्यायचा, तर वरच्या अंगाला बांधकाम परवानगी देणाऱ्या कचेरीची सही करारावर हवीच. ती नसेल तर पहिल्याच बैठकीत लेखी माग. तोंडी आश्वासन घेऊ नकोस. साहेब बदलून जातात आणि आश्वासनही त्यांच्याबरोबर जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘सल्ला’ या शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बोट ठेवून वाच. ‘समितीच्या सल्ल्यानुसार’ आणि ‘समितीशी सल्लामसलत करून’ हे एकच वाटतं, पण दोन्हींत फार अंतर आहे. आणि ‘समितीच्या सूचना विचारात घेण्यात येतील’ असं असेल, तर तुला चहा मिळेल, बिस्किटं मिळतील, त्यापलीकडं काही मिळण्याची खात्री नाही. सल्ला बंधनकारकच हवा, असं मी म्हणत नाही. तो तसा नसावाच. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ साली आली. तिथली वारसा समितीही सल्लाच देते. आयुक्तांना तो डावलता येतो. पण डावलायचा असेल तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. लेखी कारण म्हटलं की अधिकाऱ्याचा हात थबकतो, कारण उद्या ते कारण कोर्टात वाचलं जाऊ शकतं, माहितीच्या अधिकारात बाहेर येऊ शकतं. म्हणून तुझ्या करारात एक वाक्य घालून घे: ‘समितीची शिफारस अमान्य केल्यास त्याची कारणे लेखी नोंदवून तीस दिवसांत समितीस कळविण्यात येतील.’ बाकी दहा कलमं त्यांच्या मनासारखी होऊ देत, पण एवढं सोडू नकोस.

मग वेळ. सल्ला निविदेच्या आधी घेणार की नंतर? कामाचं अंदाजपत्रक तयार झालं, निविदा निघाली, ठेकेदाराला कार्यादेश गेला आणि मग समितीसमोर नकाशा मांडला, तर तुम्ही फक्त फरशीचा रंग सांगणार. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रस्ते विकास प्रकल्प आठव. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी यांच्यातला करार, सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते, दोनशे वीस कोटींचा प्रकल्प आणि तीस वर्षांचा टोल. नाके उभे राहिले तेव्हा कुठं त्या करारातली कलमं चौकाचौकात वाचली जाऊ लागली. एन. डी. पाटील सरांनी उतारवयात रस्त्यावर उतरून लढा उभा केला, अख्खं शहर त्यांच्यामागं गेलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. लोक जिंकले याचा मला अभिमान आहे. पण त्यासाठी किती वर्षं गेली, किती मोर्चे निघाले, किती जणांवर गुन्हे दाखल झाले! मसुदा असतानाच चार माणसांनी तो सभागृहाबाहेर मोठ्यानं वाचला असता तर, हा विचार मला अजून सुटत नाही. तुझं काम तेच आहे, मसुदा असताना वाचायचं.

कराराच्या मागं ठराव आहे का, तेही बघ. आयुक्तांची सही झाली म्हणजे झालं, असं नसतं. स्थायी समितीचा किंवा महासभेचा ठराव क्रमांक आणि तारीख करारात लिहिलेली हवी. आणि शासन महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव विखंडितही करू शकतं, हे डोक्यात ठेव.

एक गोष्ट जरा कठोर आहे, पण सांगतो. तुला कुणी निवडून दिलेलं नाही. विकास आराखड्यासाठी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नियोजन समिती आहे. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आराखड्यावर तीस दिवसांत हरकती येतात, ही समिती त्या ऐकून अहवाल देते. तिथं लोकांना ऐकून घेणं कायद्यानं बांधलेलं आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या दिल्या, पुढं महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभाही आल्या. तुझी समिती यांतल्या कशाच्याही जागी बसत नाही. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवक नसले की नेमलेल्या समित्यांना फार महत्त्व येतं. आपणच लोक आहोत, असं वाटायला लागतं. तसं वाटून घेऊ नकोस. दर बैठकीआधी वस्तीत जा. गुंठेवारीत घर बांधलेल्या माणसाला ‘नूतनीकरण’ म्हणजे आपलं घर पाडणार असंच ऐकू येतं. त्याच्या दारात बसून त्याचं म्हणणं ऐक, लिहून घे आणि समितीसमोर त्याच्याच शब्दांत ठेव.

इतिवृत्त कोण लिहिणार, हे पहिल्या दिवशी विचार. माझ्या हातून झालेली चूक तुला सांगतो. आजवर घरात कुणाला सांगितली नाही. अशाच एका सल्लागार समितीत एक निवृत्त शिक्षक होते. नाल्यावर स्लॅब टाकून वर गाळे काढायचा विषय होता. ते उठून म्हणाले, पावसाळ्यात इथं किती पाणी चढतं ते मी लहानपणापासून बघतोय, हे बांधू नका. खुणा सांगितल्या, कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी येतं तेही सांगितलं. मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा होऊन विषय मंजूर.’ तसंच लिहायची पद्धत होती. पुढं एका पावसाळ्यात पाणी घराघरात शिरलं. चौकशी झाली, फाईल काढली, तर कुणी विरोध केल्याची ओळसुद्धा नव्हती. सर मला रस्त्यात भेटले, काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

म्हणून आपलं म्हणणं टाईप करून ने. बैठकीत वाच, प्रत सचिवांच्या हातात दे आणि ‘इतिवृत्तास जोडावे’ असं त्यावर लिही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करताना आपलं निवेदन त्यात आहे का ते बघ. नसेल तर कायम करायला तिथंच हरकत घे. भांडू नकोस, फक्त नोंदवायला सांग.

बाकी बारीकसारीक: बैठक किती दिवसांनी, किती सदस्य आले की गणपूर्ती, समितीची मुदत किती, हे करारात असू दे. ज्या गल्लीत आपली जागा किंवा नातेवाइकांचं काम असेल, त्या विषयाला उठून बाहेर जा, तेही नोंदवून.

सोमवारी सकाळी मसुदा घेऊन ये. तलावाच्या बांधावर एक फेरी मारू, मग घरी बसून पेन्सिलीनं खुणा करू. चष्मा माझाच घेईन, पट्टी तेवढी तू आण.