मोटारीचे खाते

घरी मोटार असावी की नसावी, हा प्रश्न आज अनेक व्यापारी कुटुंबांत निघतो. परंतु त्याचा निर्णय बहुधा शेजाऱ्याच्या दाराकडे पाहून होतो, खतावणी पाहून होत नाही. आम्हीही २०१५ साली तसेच केले. म्हणूनच हा अल्प अभ्यास सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

समजा, आठ लाखांची मोटार दहा वर्षे वापरून दोन लाखांस विकली. वार्षिक घट ६०,००० रुपये झाली. विमा २०,०००, दुरुस्ती व टायर २०,०००, आणि गुंतलेल्या सरासरी पाच लाखांवर सात टक्क्यांनी व्याज ३५,००० धरावे. एकूण १,३५,००० रुपये; म्हणजे मोटार जागेवर उभी असली तरी दररोज सुमारे ३७० रुपये खाते. गोदामातील मालावर आपण व्याज धरतो; मग मोटारीवर का न धरावे?

लिटरला १५ किलोमीटर व १०० रुपये भाव धरल्यास, वर्षास ६,००० किलोमीटर फिरण्यास पेट्रोल ४०,००० रुपयांचे लागते आणि किलोमीटरला सुमारे २९ रुपये पडतात. तीच मोटार १५,००० किलोमीटर फिरली, तर दुरुस्तीचे १०,००० वाढवूनही दर सुमारे १६ रुपयांवर येतो. तात्पर्य, मोटार चालल्याने जितकी महाग पडत नाही, तितकी उभी राहिल्याने पडते.

पेढीच्या नावे घेतली की कर सुटतो, हा समजही अपुरा आहे. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. पण घरगुती वापराचा हिस्सा त्यातून वगळावा लागतो. धान्याच्या व्यापाऱ्यास अशा मोटारीवरील जी.एस.टी.ची वजावट तर मिळतच नाही.

आमचे घर बेळगावच्या रविवार पेठेतील पेढीपासून पायी दहा मिनिटांवर. मोटार बहुतेक दिवस बोळातच उभी असे. २०१८ साली तुरीच्या हंगामात रोकड कमी पडली व व्याजाने रक्कम उचलावी लागली. आमचे भांडवल मात्र दारात धूळ खात होते. पुढील वर्षी मोटार विकली.

तथापि खतावणीत सर्वच मावत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री सौभाग्यवतींच्या छातीत कळ आली. भाड्याची गाडी मिळेना, रुग्णवाहिका दूर होती. अर्ध्या तासाने शेजाऱ्यांनी आपल्या मोटारीतून इस्पितळात पोहोचविले. त्यांची प्रकृती सुधारली. परंतु तो अर्धा तास कोणत्या रकान्यात मांडावा, हे आम्हांस अद्याप उमगले नाही.

त्यानंतर आम्ही तिघा बंधूंनी मिळून एक मोटार घेतली. किल्ली मधल्या घरी, वही धाकट्या सूनबाईंकडे. ज्याचे जितके किलोमीटर, तितका त्याचा खर्च. आजारपणाची फेरी मात्र कोणाच्याही नावे मांडावयाची नाही, ती तिघांची. तीन घरांमुळे मोटार उभी राहत नाही, आणि रात्रीची चिंताही उरली नाही.

वाचकांस विनंती इतकीच की, मोटार घेण्यापूर्वी तीन महिने घरातील प्रत्येक फेरी वहीत टिपावी. मग निर्णय शेजाऱ्याचे दार न करता आपली वही करील.