ई-मेल आपलं घर कसं शोधते?

प्लेसमेंटच्या दिवसांत होस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'अरे, मेल तर पाठवली, पण पोचलीच नाही!' मग कधी नेटला शिव्या, कधी सर्व्हरला. पण मेल कुठे अडकली हे शोधता येतं. त्यासाठी तिचा प्रवास आधी समजून घेऊ.

पत्त्यात 'ॲट'च्या डावीकडे माणसाचं नाव आणि उजवीकडे डोमेन असतं. मेल बाहेर पाठवताना आपला सर्व्हर फक्त उजवी बाजू बघतो. तो डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नोंदवहीला विचारतो, 'या डोमेनचं टपाल कोण घेतं?' उत्तरात एमएक्स रेकॉर्ड येतात. समजा असे :

१० मेल१.एक्झाम्पल.कॉम
२० मेल२.एक्झाम्पल.कॉम

इथे आकडा लहान त्याचा मान मोठा! आधी १० वाल्याकडे जायचं, तो बंद असेल तर २० वाल्याकडे. एमएक्समध्ये आयपी पत्ता नसतो, सर्व्हरचं नाव असतं. म्हणून त्या नावाचा आयपी पत्ता विचारायला दुसरा प्रश्न, ए रेकॉर्डचा. मग पोर्ट २५ वर एसएमटीपीचं बोलणं सुरू होतं. एमएक्स नसेलच, तर थेट डोमेनच्या ए रेकॉर्डवर प्रयत्न होतो. डीएनएसची कल्पना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. एमएक्सचे हे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ मध्ये लिहिले.

आता कामाची गोष्ट. या प्रवासात चार प्रकारे घोळ होऊ शकतो :

१) 'असं डोमेनच नाही' : स्पेलिंग चुकलं. मेल बहुधा लगेच परत येते.

२) डीएनएसकडून उत्तरच नाही, किंवा पलीकडचे सगळे सर्व्हर बंद : मेल रांगेत थांबते आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ (२००८) प्रमाणे साधारण ४-५ दिवस तरी हार मानायची नसते.

३) सर्व्हर भेटला, पण '५५०, असा वापरकर्ता नाही' म्हणाला : डीएनएसने आपलं काम चोख केलं. डावीकडचं नाव तपासा.

४) स्पेलिंग चुकलं, पण त्या चुकीच्या नावाचंही कुणाचं तरी डोमेन आहे : हा प्रकार सगळ्यात वाईट. डीएनएस तुम्ही टाइप केलेल्या नावाचं उत्तर देतं, मनातल्या नावाचं नाही! तिकडचा सर्व्हर सगळी मेल घेणारा असेल, तर तुमचा बायोडाटा परक्याच्या घरी जातो आणि काहीच परत येत नाही.

म्हणजे 'बाउन्स आली नाही, अर्थात पोचली' हा हिशेब दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारात साफ चुकतो. अर्जाची मुदत उद्या संपत असेल, तर रांगेतल्या मेलचा काय उपयोग? म्हणून दोन दिवस आधी पाठवा आणि पोच मागा.

आणखी एक. घेणारा सर्व्हरही डीएनएसला विचारतो, 'या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे का?' ही यादी म्हणजे एसपीएफ. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या डोमेनसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम असणं सक्तीचं आहे. तेव्हा फेस्टची आमंत्रणं रूमवरच्या पीसीवरून स्क्रिप्टने, कॉलेजच्या पत्त्याने पाठवाल, तर ती स्पॅममध्ये तरी जातील किंवा दारातूनच परत येतील.

आता लॅबमध्ये करून बघा : 'एनएसलुकअप' सुरू करा, 'सेट टाइप=एमएक्स' द्या आणि आपल्या कॉलेजचं डोमेन टाका. आपलं टपाल कोण घेतं ते अर्ध्या मिनिटात कळेल.