अंगात आलं म्हणता? आधी ताप पाहा

घरातले माणूस अचानक बरळू लागले, ओळख विसरले, घुमू लागले की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो, ‘लागलं’. काय लागले ते मागाहून ठरते: हवा, भूत, करणी, भानामती. आणि कोणाकडे न्यायचे हेही त्या शब्दावरच ठरते. दारावर निळा झेंडा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तरी रात्री अकराला मोटारसायकल मांत्रिकाच्या गावाकडे निघते. अशा घराची टिंगल करायला आम्ही हे लिहीत नाही. त्या वेळी मांत्रिक जागा असतो आणि उपकेंद्राला बहुधा कुलूप असते, हेही खरे आहे.

पण गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात एक गोष्ट सगळ्यांत आधी बघायला हवी, ती म्हणजे ताप. इथला फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत शिरतो. मग माणूस असंबद्ध बोलतो, हातपाय झाडतो, झटके येतात, शेवटी शुद्ध हरपते. बघणाऱ्याला हे हुबेहूब ‘झपाटल्या’सारखे दिसते. लिंबू-मिरची आणि धुनीत एक रात्र गेली तर सकाळी उशीर झालेला असतो, कारण हा आजार एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. आशाताईकडे रक्ताच्या एका थेंबावर हिवताप कळणारी पट्टी असते. अंग गरम आणि बोलणे बिघडलेले, एवढे दिसले की आशाताईला उठवा आणि १०८ ला फोन करा. चाचणी हिवताप नाही म्हणाली तरी दवाखाना टाळू नका. मेंदूला सूज आणणारे तापाचे आजार आणखीही आहेत.

दुसरी गोष्ट दारूची. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी होती. मोहाची मिळतेच, हे वाचकांना आम्ही काय सांगावे! रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, दरदरून घाम येतो, भिंतीवर साप-किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात. भूत म्हणून त्याला कोंडून ठेवतात. हाही जीवघेणा प्रकार आहे, पण दवाखान्यात औषधाने सावरतो.

बाळंतिणीचेही तसेच. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी झोपत नाही, संशय घेते, ‘हे बाळ माझं नाही’ म्हणते, तिला काही बाहेरचे लागलेले नाही. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवा.

आता ताप नाही, दारू नाही, फिट नाही, तरी अंगात येते, असेही असते. एखादी सून वर्षभर घरात कोणी ऐकत नाही म्हणून गप्प असते. तिच्या अंगात आले की सासूसुद्धा हात जोडून ऐकते. हे नाटक नव्हे. दाबलेले मन असे बोलते. मांत्रिकाकडे तिला तासाभरात बरे वाटते आणि गुण त्याचा समजला जातो. खरे तर हे झटके बहुधा आपोआपच ओसरतात, आणि घरचा जाच तसाच राहिला की पुन्हा येतात.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा लोकांत अशा अवस्थेला दोन नावे आहेत. ‘उकुथ्वासा’ म्हणजे पूर्वजांनी दिलेली हाक. अशी व्यक्ती पुढे शिकून देवऋषी होते, तिला मान मिळतो. ‘अमाफुफुन्याना’ म्हणजे कोणीतरी वैराने घातलेली दुष्ट भुते. तिकडच्या डॉक्टरांना स्किझोफ्रेनियाच्या खोसा रुग्णांत अनेक जण असे भेटले, ज्यांना आधी अमाफुफुन्याना झाल्याचे सांगितले गेले होते. आपल्याकडेही देवी आली तर ओटी भरतात, आणि करणी म्हटले की ‘केली कोणी?’ हा प्रश्न येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर कोणावर येते, ते जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दने दाखवले. ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून तिथे दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारले. म्हणून आम्ही म्हणतो, घरातल्या आजाराला करणी म्हणणे ही साधी समजूत नाही. आज शेजारच्या विधवेकडे दाखवलेले बोट उद्या आपल्या म्हातारीकडेही वळते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणाला करणी करणारा ठरवणे, भूत उतरवायला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे सारे गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. साखळी तर घरच्यांनीही बांधू नये. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडातले मनोरुग्ण पळू शकले नाहीत.

आवाज ऐकू येणे, उगाच संशय, महिनोन्‌महिने झोप नाही, आंघोळ नाही, कामधंदा सुटला, असे असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. औषधाचा पुरता गुण दिसायला काही आठवडे लागतात. ‘चार दिवसांत फरक नाही’ म्हणून बंद करू नका, आणि बरे वाटले म्हणूनही डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. आजीने दंडाला गंडा बांधला तर तिच्याशी भांडण्यात रात्र घालवू नका. गंडा आम्हाला पटत नाही, पण त्या रात्रीची गोळी चुकता कामा नये.